रोजची शाळा आणि शनिवारची राणीची बाग: लहान मुलांना घेऊन वेळेवर निघायचं कसं

आमची थोरली दुसरीत आहे, धाकटा छोट्या शिशूत. राहायला डोंबिवलीला. धाकट्याची शाळा सकाळी 9 ते 12, थोरलीची दुपारची, 12:40 ते 5:40. म्हणजे रोज सोडण्या-आणण्याच्या चार फेऱ्या, आणि शनिवारी कुठेतरी घेऊन जा म्हणून दोघांचा लकडा. तीन वर्षं हे करताना एक गोष्ट माझ्या पक्की लक्षात आली आहे. मुलांसोबत उशीर रस्त्यात होत नाही, तो दाराच्या आत होतो. चप्पल, शू, सापडत नसलेला मोजा, ऐन वेळी आठवलेली चित्रकलेची वही. आपण मात्र हिशेब धरतो तो रस्त्याचा. म्हणून खाली जे लिहिते आहे, त्यात वेळ सगळीकडे मुलाच्या चालीने मोजली आहे.

आधी आठवडाभर नुसतं बघा

काहीही बदलायच्या आधी पाच दिवस मोबाईलमध्ये वेळा टिपून ठेवा. मूल हाकेला उठलं किती वाजता, दूध संपलं किती वाजता, दारातून पाय बाहेर पडला किती वाजता. घाई करू नका, ओरडू नका, फक्त लिहा.

मला यात सापडलं ते धाकट्याचं सँडल. त्याला एक बक्कल आहे. तो उंबऱ्यावर बसतो, पाय गुडघ्यावर ओढून घेतो, पट्टा कडीतून ओवतो आणि खीळ तिसऱ्या भोकावर धरतो. खीळ भोकात जाते, तो हात काढतो, पट्टा सैल होऊन निसटतो. पुन्हा पहिल्यापासून. जीभ जराशी बाहेर, श्वास रोखलेला. एका पायाला साधारण साडेतीन मिनिटं लागतात. मी लावलं तर दहा सेकंदांचं काम, पण मी लावलेलं तो काढतो आणि रडत रडत परत स्वतः लावतो, म्हणजे दोन्ही पायांची मिळून दहा मिनिटं गेली. हे कळल्यावर शाळेसाठी वेल्क्रोचे बूट घेतले आणि बक्कलवालं सँडल शनिवारसाठी ठेवलं. स्वतःचं स्वतः करण्याची त्याची हौस मोडावी असं मला वाटत नाही, तिला फक्त वेळ असलेला दिवस द्यायचा.

टिपणं हातात आली की फाटकापासून मागे मोजत या. शाळा 9 ची, तर फाटकाशी 8:50. स्कूटरला 12 मिनिटं, म्हणजे गाडी सुरू 8:38. लिफ्ट, हेल्मेट, पट्टा यांना 8 मिनिटं, म्हणजे दार बंद 8:30. बूट आणि शेवटची शू 10 मिनिटं, म्हणजे न्याहारी 8:20 ला संपलेली हवी. असं करत उठण्याच्या वेळेपर्यंत या आणि त्यात 10 मिनिटं मोकळी सोडा. ती कशासाठी हे ठरवू नका, रोज काहीतरी निघतंच. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवावेत असा निर्णय काढला, त्याने आमच्यासारख्या घरांना खरोखर श्वास मिळाला. तुमच्या मुलाचा वर्ग अजून सात-साडेसातला भरत असेल तर पालकसभेत हा विषय जरूर काढा. चार वर्षांच्या मुलाला अंधारात उठवणं मला पटत नाही.

आदल्या रात्रीची वीस मिनिटं

रात्री जेवणं झाली की दप्तर मुलाने भरायचं, आपण फक्त शेजारी बसायचं. वेळापत्रक भिंतीवर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवा. थोरली एकेक वही बोटाने दाखवत काढते, आणि सकाळी "आई, माझी वही!" हे ऐकू येणं जवळजवळ बंद झालं आहे.

दप्तर महिन्यातून एकदा वजनकाट्यावर ठेवा. मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा दप्तर जड नसावं, असा आपल्याकडे 2015 पासून नियम आहे. 22 किलोच्या मुलीला 2 किलो 200 ग्रॅम. घरचा काटा लहान वजन नीट दाखवत नसेल तर आधी तुम्ही एकट्या उभ्या राहा, मग दप्तर घेऊन, आणि वजाबाकी करा. आमच्याकडे जड निघाली ती वॉटरबॅग. पाऊण लिटर पाणी म्हणजे पाऊण किलो, वर स्टीलच्या बाटलीचं वजन. शाळेत पिण्याचं चांगलं पाणी असेल तर बाटली अर्धी भरून द्या.

कपडे, मोजे, रुमाल, आय-कार्ड सगळं एकाच खुर्चीवर. ओळखपत्र गळ्यात घालायची दोरी असेल तर ती ओढली की सुटणारी आहे ना ते बघा, घसरगुंडीवर अडकलेली दोरी वाईट.

डबा

डब्यात काय द्यायचं यावर सगळे बोलतात, झाकणावर कोणी बोलत नाही. धाकटा पहिला पूर्ण आठवडा डबा तसाच परत आणत होता. मला वाटलं भाजी आवडत नाही. बाईंनी सांगितलं, त्याला क्लिप उघडत नाही आणि तो सांगत नाही. म्हणून नवा डबा आणला की घरी तीन वेळा मुलाकडून उघडून, बंद करून घ्या, हात ओले असताना सुद्धा.

छोट्या सुट्टीला दहा मिनिटंच असतात, त्यात चिवडा, खाकरा, सफरचंदाच्या फोडी असं हाताने उचलून खाता येणारं द्या. मोठ्या सुट्टीला पोळीचा रोल, थालीपिठाचे चार तुकडे, धिरडं. उपमा गार झाला की गोळा होतो, तो टाळा. पोळी तूप-गूळ लावून गुंडाळली तर दुपारपर्यंत मऊ राहते. आणि प्रमाण कमी ठेवा. अर्धी पोळी संपवून रिकामा डबा घरी आणणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी डबा उघडावासा वाटतो.

स्कूटरवरून सोडत असाल तर

हा भाग कृपा करून घाईत वाचू नका. 15 फेब्रुवारी 2023 पासून केंद्राचा नियम लागू आहे: 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याच्या मापाचं हेल्मेट, चालवणाऱ्याला जोडून ठेवणारा सुरक्षा पट्टा, आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. चार वर्षांपुढचं मूल पूर्ण माणूस म्हणून मोजलं जातं, त्यालाही हेल्मेट सक्तीचं. म्हणजे दोन मोठे आणि मधे पाच वर्षांचं मूल हे ट्रिपल सीटच झालं. नियम ठाऊक नसतो असं नाही, "इथंच तर जायचंय" म्हणून आपण सोडून देतो. माझी सगळी पडझड घराच्या गल्लीतच झाली आहे.

मुलाला पुढे उभं करू नका. पुढे उभ्या मुलाच्या हाताशी अॅक्सिलरेटर येतो. फाटकाशी गाडी थांबवून आपण दप्तर काढायला वळतो, इंजिन चालू असतं, मूल मूठ पिळतं आणि गाडी सुटते. म्हणून क्रम असा ठेवा: गाडी थांबली, इंजिन बंद, किल्ली हातात, स्टँड लावला, मग मुलाचा पट्टा सोडायचा. मूल पाठीमागे पट्ट्याने बांधलेलं असेल तर त्याला डुलकी लागली तरी ते पडत नाही. बाराला सुटणारी शिशूवर्गाची मुलं गाडीवर हमखास पेंगतात.

ओढणी, साडीचा पदर, रेनकोटचं टोक बसताना एकदा हाताने चाचपून घ्या. चाकात जातं ते हेच.

व्हॅन लावताना काय विचारायचं

थोरली व्हॅनने जाते. व्हॅनवाले काका कितीही चांगले असले तरी पहिल्या भेटीत हे प्रश्न विचारायला संकोच करू नका. किती मुलं बसतात? पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी कितीजण? मागे सीएनजीची टाकी असेल तर तिच्यावर फळी टाकून मुलं बसवतात का? सोबत ताई असतात का? रस्ता ओलांडावा लागतो का, की आपल्याच बाजूला उतरवतात? काका आजारी पडले तर कोण येतं, आणि त्यांचा नंबर आपल्याकडे आहे का?

राज्याच्या 2011 च्या स्कूलबस नियमांप्रमाणे शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शालेय परिवहन समिती असते. व्हॅनबद्दल तक्रार असेल तर काकांशी भांडण्यापेक्षा लेखी अर्ज तिथे द्या.

घरातला परवलीचा शब्द ठरवून ठेवा. आईबाबा सोडून दुसरं कोणी न्यायला आलं तर त्याने तो शब्द सांगितला पाहिजे, नाहीतर बाईंजवळच थांबायचं. आमचा शब्द एका भाजीचं नाव आहे, आणि तो आत्यालासुद्धा विचारला जातो. विचारलं म्हणून आत्याने रागवायचं नाही, हेही आधी बोलून घ्या.

पावसाबद्दल थोडक्यात. कोकण-मुंबई पट्ट्यात शाळा आणि पाऊस जवळजवळ एकाच आठवड्यात सुरू होतात. रेनकोट दप्तरासकट झाकेल इतका मोठा घ्या, एक मोज्यांचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत दप्तरात कायम ठेवा, आणि गमबूट शाळेला नको, आत पाणी शिरलं की दिवसभर तसंच राहतं.

शाळा सुटल्यावर आधी पाणी, मग खाऊ, मग गप्पा. "आज काय शिकवलं?" ला उत्तर येत नाही. "डबा खाताना शेजारी कोण बसलं होतं?" ला येतं, आणि त्यातून बाकीचं सगळं कळतं.

आता शनिवार: राणीची बाग

सहलीसाठी मी भायखळ्याची राणीची बाग सुचवते, म्हणजे मुंबईतलं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आणि प्राणिसंग्रहालय. लोकलने जाता येतं, झाडं जुनी आणि सावली दाट आहे, आणि खर्च परवडतो. 2017 मध्ये तिकीट वाढलं तेव्हा आईवडील आणि दोन मुलं अशा कुटुंबाला मिळून 100 रुपये दर ठेवला गेला.

वार आधी बघा. बुधवारी बाग बंद असते. आम्ही पहिल्यांदा गेलो तो मे महिन्यातला बुधवार होता. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा, फाटकाच्या गजांना धरून "पेंग्विन झोपलेत का?" विचारत राहिला. चूक सर्वस्वी माझी, मी वार तपासला नव्हता. रविवारी गर्दी असते आणि वर मेगाब्लॉक, त्यामुळे धीम्या-जलद गाड्यांची अदलाबदल होते. रविवारच जमत असेल तर रेल्वेने जाहीर केलेला ब्लॉक आधी वाचा आणि जाण्यायेण्याच्या वेळा त्याच्या बाहेर ठेवा.

बाग साडेनऊला उघडते. आम्ही उघडताना पोहोचतो आणि साडेबाराला बाहेर पडतो. तीन तास पुरे. आलोच आहोत तर सगळं बघून घेऊ, या विचाराने सहली बिघडतात. मुलांना घरी विचारा, प्रत्येकाने कोणते दोन प्राणी बघायचे? चार प्राणी झाले की सहल झाली, वर जे दिसेल ते अधिक.

पिशवी एकच, पाठीवरची, म्हणजे दोन्ही हात मुलांना मोकळे. तिच्यात प्रत्येकी एक लिटर पाणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, दशमी, काकडी (ती तिथेच कापायची, आधी कापली तर पाणी सुटतं), प्रत्येक मुलाचा एक कपड्यांचा जोड, ओला फडका, बँडएड, जुना रुमाल, रिकामी पिशवी. खेळणी घरी राहू द्या.

लोकलचा प्रवास

पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पाच ते बारा अर्धं. डोंबिवलीहून सुटणारी धीमी गाडी पकडा. जलदपेक्षा वेळ जास्त जातो, पण गाडी रिकामी मिळते, मुलं खिडकीशी बसतात, आणि प्रवासच अर्धी सहल होऊन जातो. ठाणे मागे पडलं की मुलांना सांगा, 16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी गाडी याच मार्गावर बोरीबंदर ते ठाणे धावली, 34 किलोमीटर. थोरलीने मग पुढचं प्रत्येक स्टेशन मोजलं.

चढताना एक मोठं माणूस आधी, मग मुलं, शेवटी दुसरं मोठं माणूस. उतरतानाही तसंच. हा क्रम पाळायला मी ज्या दिवशी शिकले तो दिवस मला विसरता येत नाही. परतीच्या वाटेवर, भायखळ्याला, मी धाकट्याला उचलत होते, नवरा पिशवी सावरत होता, आणि थोरली गर्दीच्या रेट्यात एकटी गाडीत चढली. गाडी हलली. तिचा चेहरा दाराच्या कडेला दिसला आणि पुढे सरकला. ती रडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. आम्ही पुढची गाडी पकडली. चिंचपोकळीला फलाटाच्या बाकावर ती बसलेली होती, शेजारी एक बाई तिचा हात हातात घेऊन. त्या बाईंनी स्वतःची गाडी सोडून दिली होती. मी त्यांना धड आभारही मानू शकले नाही, घसा दाटून आला होता.

तेव्हापासून घरातून निघताना दोघांकडून नियम म्हणून घेते. गाडीत राहिलात तर पुढच्या स्टेशनला उतरायचं आणि उतरल्या जागी उभं राहायचं, आम्ही तिथे येणार. एकटं उतरायची हिंमत होत नसेल तर लेकुरवाळ्या बाईला किंवा पोलिसाला सांगायचं. फलाटावर राहिलात तर जागचं हलायचं नाही, आम्ही परत येणार. चालत्या गाडीच्या मागे कोणीही धावायचं नाही, आईसुद्धा नाही. मोबाईल नंबर मुलांना चालीवर पाठ करून द्या, आमच्याकडे पाढ्यांच्या चालीवर आहे. शिवाय बॉलपेनने दंडाच्या आतल्या बाजूला लिहा आणि चिठ्ठी खिशात ठेवा. सकाळी निघताना दोघांचा एक फोटो काढा, मूल हरवलं तर कपड्यांचा रंग आपल्याला आठवत नाही. रेल्वेचा मदत क्रमांक 139, मुलांसाठी 1098, तातडीला 112, हे फोनमध्ये आधीच भरलेले असू द्या.

बागेत

भायखळ्याला पूर्वेला उतरा. फाटकापर्यंत आपल्याला दहा मिनिटं लागतात, चार वर्षांच्या मुलासोबत वीस धरा. आत शिरल्यावर पहिलं काम शू, लागली नसली तरी. दुसरं काम, भेटायची जागा दोघांना हात लावून दाखवणं: "चुकलो तर इथे."

मग सरळ पेंग्विनकडे जा. 2016 मध्ये दक्षिण कोरियातून हे हम्बोल्ट पेंग्विन आले, आणि उशीर झाला की तिथे रांग लांबते. आत गार असतं, लहान मुलाला पातळ स्वेटर घाला. काचेजवळ गेल्यावर फोटोची घाई करू नका. धाकटा खाली बसला, काचेला कपाळ टेकवलं, आणि पाण्याखालून एक पेंग्विन त्याच्या नाकासमोरून पोटावर झेपावत गेला. तो मागे सरकला नाही. आम्ही दहा मिनिटं तिथेच होतो.

नंतर वाघ, मग पक्ष्यांचं मोठं दालन, जिथे आपण जाळीच्या आत चालतो. पिंजऱ्यावर थाप मारायची नाही, खायला टाकायचं नाही, हे आधीच सांगा आणि दुसऱ्यांची मुलं करत असली तरी आपल्या मुलांना ठाम थांबवा. प्राणी झोपलेला असेल तर झोपलेलाच बघायचा.

प्राण्यांइतकीच ही बाग झाडांसाठी बघण्यासारखी आहे. गोरखचिंचेच्या खोडाला दोघांनी हात पसरून मिठी मारली तरी ते कवेत येत नाही. उर्वशी फुललेली असेल तर तिचे लोंबते लाल घोस दाखवा. पानं-फुलं तोडायची नाहीत, खाली पडलेली वेचायला हरकत नाही, त्यासाठीच ती रिकामी पिशवी.

अकराच्या सुमाराला बाकावर पुऱ्या आणि काकडी. भूक लागायच्या अर्धा तास आधी खायला द्या, लागल्यावर दिलं तर रडं आधीच सुरू झालेलं असतं.

शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं. पाच वर्षांखालच्या मुलाला घेऊन आत जाण्याचा आग्रह धरू नका. पण आवारातला दगडी हत्ती मात्र चुकवू नका. तो घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलेफंटा म्हटलं. 1864 मध्ये इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो पडून फुटला, आणि तुकडे इथे आणून पुढे जोडले गेले. थोरलीने सांधे बघून विचारलं, "ह्याला किती टाके पडले?"

साडेबाराला निघताना एकदम "चला" म्हणू नका. आधी वीस मिनिटं, मग पाच मिनिटं असं दोनदा सांगा, आणि शेवटचा प्राणी मुलाला निवडू द्या. खेळणीवाले आणि फुगेवाले फाटकापाशी असतात. काय घ्यायचं, किती रुपयांपर्यंत, हे घरूनच ठरवून या आणि तेवढं आनंदाने घ्या.

परतीला भायखळ्याहून डोंबिवली किंवा कल्याण धीमी. लहान मूल मुलुंडच्या आत झोपतं. ते पेंगायला लागलं की लगेच सँडल काढून पिशवीत टाका, झोपलेल्या पायातून एक गळून पडतं आणि ते डब्यात राहिल्याचं घरी कळतं. बक्कल हळू काढा.